मामांची चेष्टा

मला सुधारायला लखनौला पाठवलं, हा आमच्या घराण्यातला सगळ्यात मोठा विनोद आहे. फक्त पाठवताना तो विनोद आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

बार्शीला आमच्या घरी मामा म्हणजे छडी. दिसायची नाही, पण लागायची. मामा बघ कसा शास्त्रज्ञ झाला, मामानं कधी वर मान करून बघितलं नाही, मामाला कधी मोबाईल हातात घेऊन बसलेलं पाहिलंय का. आईचा हा आवाज मी इतका हुबेहूब काढते की एकदा मी नुसतं "अहो, ऐकलं का" म्हणलं, तर बाबा आतल्या खोलीतून "आणतो, आणतो" म्हणत पिशवी घेऊन बाहेर पडले. काय आणायचं ते कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्यांना आठवेना. आवाज काढणं हा माझा लहानपणापासूनचा धंदा. गणिताचे सर, भांडीवाली, दूरचे काका, सगळे माझ्या घशात भाडं न देता राहतात.

कॉलेज संपलं आणि मी मोबाईलवरच्या बंदुकीच्या गेममध्ये शिरले, ती बाहेरच येईना. ताट समोर, मी कुठल्यातरी बेटावर. मला बघायला पाहुणे आले होते. बाहेर पोहे वाटले जात होते, आणि पाहुण्यांना आतून मुलीचा पहिला आवाज ऐकू आला तो असा, "मागून मार त्याला, मागून. सोडू नको." पाहुण्यांनी पोहे संपवले आणि मग उठले. सभ्य माणसं होती. त्यानंतर आई रडली. तिच्या त्या आवाजाची नक्कल मी अजूनपर्यंत केलेली नाही.

तर ठरलं, मामाकडं पाठवायचं. तो सरळ करेल.

स्टेशनवर एकटी मामी आली होती. मामा का नाही आले विचारलं तर म्हणाली, "बिझी आहेत." तेलीबागेत त्यांचं पहिल्या मजल्यावर भाड्याचं घर. खाली घरमालकीण आंटी, वर गच्ची. घरी पोचलो तर मामा बाथरूममध्ये. मी चहा प्यायले, बिस्किटं खाल्ली, बॅग रिकामी केली, मामा बाथरूममध्येच. आणि मग आतून एक भोंगा वाजला. बारीक, पण मी ओळखला. किल्ल्याच्या गेममध्ये दुसऱ्यानं आपल्यावर हल्ला केला की तो वाजतो. मी दाराशी जाऊन हळूच विचारलं, "मामा, उत्तरेकडची भिंत कच्ची राहिली का?"

भोंगा एकदम बंद. मग पाण्याचा नळ उगाच सोडल्याचा आवाज. मग मामांचा आवाज, एकदम लहान झालेला, "तुला कसं कळलं?"

मी मामीकडं बघितलं. मामी माझ्याकडं बघत होती. मला सरळ करणारा माणूस माझ्यापेक्षा वाकडा निघाला होता.

झालं होतं असं. त्यांचा मुलगा बेंगळुरूच्या हॉस्टेलला जाताना मामांच्या फोनमध्ये तो गेम टाकून गेला. म्हणाला, पप्पा, रोज संध्याकाळी आपण दोघं खेळू, भेटल्यासारखं होईल. मुलगा एक-दीड महिन्यात कंटाळून गेममधून निघून गेला. मामा राहिले. नुसते राहिले नाहीत, एका टोळीचे चीफ झाले. कानपूरची पोरं, कुठली कुठली पोरं, सगळी त्यांना "बॉस" म्हणायची. दिवसा हा माणूस झाडांच्या मुळांवर संशोधन करणार आणि उरलेल्या वेळात किल्ल्याला भिंती घालणार. माहेरी मामीनं हे कुणाला कळू दिलं नव्हतं, सासरी तर नाहीच.

मामी बोलकी बाई. सब्जीवाल्या भैयाशी पंधरा मिनिटं बोलेल, कोथिंबीर न घेता. पण घरात ती बोलायची आणि मामा "हं" म्हणायचे. सगळ्याला "हं". एकदा जेवताना तिनं सरळ आवाजात सांगितलं, "आज बाजारातून येताना मी एक हत्ती आणलाय."

मामा खाली बघत म्हणाले, "अच्छा. फ्रीजमध्ये ठेव."

मी हसले, मामीही हसली. मग मी थांबले तरी तिचं हसणं थोडा वेळ चालू राहिलं, आणि मग ते हसणं नव्हतं. त्याच आठवड्यात ती नाशिकला माहेरी गेली. दारात मामा कावरेबावरे होऊन म्हणाले, "अगं, असं भांडून जाऊ नको ना."

"भांडून कुठं जातेय," मामी म्हणाली. "भांडायला समोर माणूस लागतो. तो घरात आला असं वाटलं तर परत येईन. नाहीतर नाशिक काही वाईट नाही."

आणि मला जिन्यात म्हणाली, "दोघं मिळून करा काहीतरी. शेजारच्या गच्चीवर जा रविवारी. मास्टरनीजींना सांगून ठेवलंय मी."

मास्टरनीजी म्हणजे शेजारच्या रिटायर्ड हिंदीच्या बाई. सत्तरी ओलांडलेली, शुद्ध हिंदी, शालीला पिन. त्यांना स्वतःला रंगीत गोळ्या जुळवायच्या गेमचं इतकं लागलं होतं म्हणे की पूजेत तीन फुलं एका रंगाची शेजारी आली की त्या उचलून बाजूला ठेवायच्या. गायब व्हायची वाट बघायच्या. त्यातून त्या कशाबशा बाहेर आल्या आणि मग आपल्या गच्चीवर दर रविवारी उन्हात अशाच लोकांची बैठक सुरू केली. तिथं आलमबागचे एक वकीलसाहेब यायचे आणि कॉलेजची दोन-चार पोरं. नियम एकच. बोलताना हात रिकामा नको, कारण रिकामा अंगठा आपोआप हलतो. लखनौला थंडीत मटारचा पूर येतो, घराघरात पोत्यानं मटार. म्हणून प्रत्येकानं आपापल्या घरचे मटार आणायचे आणि सोलत सोलत बोलायचं. मोहल्ल्यातल्या बायकांना हे कळलं तेव्हा त्यांनी आपलेही मटार पाठवायला सुरुवात केली. आमच्या सुधारण्यावर सगळ्या गल्लीचा मटर-पुलाव चालला होता.

पहिल्या रविवारी मामा म्हणाले, "सब ठीक है," आणि गप्प बसून सोलायला लागले. लॅबचा रिपोर्ट दिल्यासारखं. मी तर काय, नव्या माणसांचे आवाज गोळा करत होते. वकीलसाहेबांनी आपलं सांगितलं. कोर्टाच्या व्हरांड्यात ते खेळत बसायचे आणि पक्षकार बोलवायला आला की म्हणायचे, "बस दो मिनट, साहब अभी बैठे नहीं हैं." जजसाहेब तोवर उठून घरी गेलेले असायचे. सांगताना त्यांचा आवाज नाकातून यायचा आणि "दो मिनट" म्हणताना दोन बोटं वर जायची.

मला राहवेना. मी दोन बोटं वर केली आणि नाकातून म्हणलं, "बस दो मिनट, साहब अभी बैठे नहीं हैं."

पोरं फिस्सकन हसली. वकीलसाहेबांच्या हातातली शेंग थांबली. "बिटिया, आप हमारा मज़ाक उड़ा रही हैं?"

माझी हिंदी म्हणजे मराठीला मागून "है" जोडायचं, तेवढीच. घाबरून मी आमच्या घरातला सगळ्यात मऊ शब्द शोधला. आपण मराठीत ज्याच्यावर जीव असतो त्याची चेष्टा करतो ना, तो. म्हणलं, "नहीं नहीं वकीलसाहब, मज़ाक नहीं. मैं तो बस आपकी चेष्टा कर रही थी."

 मला वाटलं, आता इथूनही हाकलणार. मास्टरनीजींनी चष्मा वर केला, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "सुना आपने? हम सब महीनों से कह रहे हैं, चेष्टा करेंगे, चेष्टा करेंगे. इस लड़की ने करके दिखा दी."

मला काही कळेना. तेवढ्यात मामांना जोरात ठसका लागला. मटार घशात गेला होता. पाठीत थापट्या मारल्यावर बघितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आणि ते हसत होते. मी लखनौला आल्यापासून पहिल्यांदा. जिन्यातून उतरताना त्यांनी मला सांगितलं, "अगं गाढवे, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्यांना वाटलं, तू वकीलसाहेबांसाठी प्रयत्न करत होतीस." मी म्हणलं, मग सांगितलं का नाही? मामा म्हणाले, "कशाला? चांगलं चाललं होतं यार."

पुढच्या रविवारी वकीलसाहेब स्वतःहून म्हणाले, ज़रा वो दो मिनट वाली चेष्टा फिर से कीजिए. मी केली. त्यांनी मान वाकडी करून ऐकलं, जसं काही दुसऱ्या पार्टीचा साक्षीदार बोलतोय. मग म्हणाले, हा माणूस तर साफ खोटं बोलतोय. तेव्हापासून ते कोर्टातून फोन करायला लागले. तलफ आली की फोन. "बिटिया, बरामदे में खड़ा हूँ, अंगूठा खुजला रहा है, थोड़ी हमारी चेष्टा कर दीजिए." मी इकडं कणीक मळता मळता त्यांच्याच आवाजात त्यांना दोन मिनटं मागायची, ते तिकडून हसायचे, तोवर पुकारा व्हायचा. मग पोरांचेही फोन. मास्टरनीजींनी तर फर्मान काढलं की दर रविवारी शेवटी सगळ्यांची चेष्टा होईल, त्यांची स्वतःची पण. मी त्यांची केली. पूजेची तीन फुलं ठेवली आणि वाट बघत बसले. त्या इतक्या हसल्या की शालीची पिन उघडली.

आणि माझी कोण करणार? माझ्याकडं मामा होते. माझी तलफ संध्याकाळी यायची, जुन्या टीमची पोरं ऑनलाइन यायच्या वेळेला. मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागले की मामा काही न विचारता चपला घालायचे. आम्ही तेलीबागेच्या बाजारात जायचो आणि मामा प्रत्येक भाजीचं कुळ सांगायचे. वांगं, बटाटा आणि टोमॅटो एका कुळातले. मग म्हणायचे, "सांग, मिरची कुठल्या?" दुधी, तोंडली, काकडी एका. इतका शुद्ध, बिनभेसळीचा कंटाळा मी आयुष्यात खाल्लेला नाही. त्यात तलफ बिचारी गुदमरून मरायची. परत येताना मी भाजीवाल्याच्या आवाजात मामांना कोबीचं कुळ सांगायची आणि मामा गालात हसायचे.

पण मामांची चेष्टा मात्र मी कधी केली नाही. गच्चीवर सगळ्यांची झाली की मास्टरनीजी त्यांच्याकडं बघायच्या आणि मी घाईनं टरफलं गोळा करायला लागायची. मामा ते मामा. आईचा भाऊ. गेम त्यांनी फोनमधून काढला होता हे खरं, पण टोळीला सांगितलं नव्हतं. चीफनं सांगून कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं. ती पोरं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मेसेज करत राहायची. बॉस, कुठं आहात. बॉस, बाजूची टोळी चढून येतेय. मामा वाचायचे आणि फोन उपडा ठेवायचे. उचलायचे, पुन्हा उपडा ठेवायचे.

मग मामीचा फोन आला. रविवारी विमानानं येतेय, दुपारी अमौसीला उतरेन. मामांचा चेहरा फुलला. मग ती म्हणाली, परतीचं तिकीटही काढलंय. बघते आणि ठरवते. मामांनी एवढंच विचारलं की उतरल्यावर कुठं उभं राहू. फोन ठेवल्यावर त्यांनी घर झाडायला काढलं. पडदे धुतले, गॅसच्या शेगडीची बटणंसुद्धा काढून घासली. ती परत बसवायला मला अर्धा तास लागला, कारण मामांनी ती "सुरक्षित" ठेवली होती.

रविवारी सकाळी मी वेणी घालत होते. मामा दारात येऊन उभे राहिले. अंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात फोन. त्यावर तो डाउनलोडचा गोल फिरत होता, गेम पुन्हा उतरत होता. अर्ध्याच्या वर भरला होता.

"किल्ला पडतोय म्हणतात," मामा म्हणाले. "एकदाच बघून काढून टाकणार होतो." मग फोन माझ्या पलंगावर ठेवला आणि मान खाली घालून म्हणाले, "माझी चेष्टा कर."

मी म्हणलं, "मामा, तुमची कशी करू?"

"वकीलसाहेबांची करतेस तशी. कर. वेळ नाहीये."

मी वेणी तशीच सोडली. खुर्चीत बसले, पाठीला बाक दिला, हनुवटी छातीला लावली आणि तळहातात बघत बसले. मामा समोर उभे. त्यांना काय करावं कळेना. मग ते मामीसारखं म्हणाले, "अहो, आज भाजी कोणती करू?"

"हं," मी म्हणलं. त्यांच्याच आवाजात. जाडसर, लांबून आल्यासारखा.

मामा फसकन हसले. "अहो, गोभी करू की पालक?"

"हं."

"गोभी की पालक, दोन्हीला हं कसं?"

"हं."

"अहो, मला बरं वाटत नाहीये आज."

हे ते गमतीनं म्हणायला गेले होते. पण वाक्य तोंडातून निघालं आणि त्यांचा चेहरा बदलला. ते माझ्याकडं बघत होते, उत्तराची वाट बघत. मला "हं" म्हणवेना. पण त्यांनी सांगितलं होतं, म्हणून म्हणलं. अगदी बारीक.

मामा पलंगाच्या कडेवर बसले. "ती हे खरंच म्हणाली होती गं एकदा," म्हणाले. "मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. पण आत्ता कळलं, काय म्हणालो असेन."

मी पाठ सरळ केली. काही बोलले नाही. माझ्यासारखीला ते किती अवघड गेलं असेल, विचार करा.

मग मामांनी फोन उचलला, तो गोल थांबवला आणि गेम काढून टाकला. आणि टोळीला आवाजी मेसेज करायला घेतला. आता ऐका, कारण हा मेसेज मी नंतर गच्चीवर फर्माइशीवरून कितीतरी वेळा केलाय. मामा उठून उभे राहिले, शर्ट नीट केला आणि सरकारी हिंदीत म्हणाले, "प्रिय साथियो, मैं आज से चीफ का पदभार छोड़ रहा हूँ. किले की उत्तर की दीवार कच्ची है, उस पर ध्यान दिया जाए. आप लोग भी शाम को कभी घरवालों से बात कर लिया करें. धन्यवाद."

लगेच उत्तर आलं. एका पोरानं विचारलं, बॉस आप कितने साल के हो? मामांनी प्रामाणिकपणे लिहिलं, बावन.  मग एकाएकी सगळीकडून ओळी यायला लागल्या. अंकल नमस्ते. अंकल प्रणाम. अंकल, मैंने आपको लूट के टाइम जो गाली दी थी, सॉरी. मामा वाचत होते आणि त्यांचं पोट हलत होतं. शेवटी ते टोळीच्या त्या ग्रुपमधूनच बाहेर पडले आणि म्हणाले, "चल, वेणी घाल. उशीर होईल."

अमौसीला आम्ही इतके लवकर पोचलो की गेटवरच्या शिपायानं दोनदा विचारलं, कुणाला सोडायचंय का. मामी बाहेर आली. हातात एकच बॅग, तीही लहान. मामा पुढं झाले आणि मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. ते म्हणाले, "विमानात खायला काय दिलं?"

मामी थबकली. "सँडविच."

"कसलं?"

"काकडीचं."

"गार होतं?"

मामीनं माझ्याकडं बघितलं, हे काय चाललंय अशा नजरेनं. मी मान हलवली, माझा यात काही हात नाही अशी. टॅक्सीत मामा विचारत राहिले. नाशिकला थंडी किती, तुझ्या आईचा गुडघा कसा, त्या शेजारणीच्या सुनेचं पुढं काय झालं. मामी आधी एकेका शब्दात उत्तरं देत होती, जपून, पाण्यात पाय घालून बघावं तशी. तेलीबाग येईपर्यंत त्या सुनेचं सगळं माहेर सांगून झालं होतं. पण बॅग तिनं मांडीवरच ठेवली होती.

घरात आल्यावर तिनं पडदे बघितले. पाणी प्यायली. मग तिनं फ्रीजर उघडला.

"हे काय आहे?"

"मटार," मामा म्हणाले.

"ते दिसतंय मला. एवढे? आणि माझी पुरणाची पाकिटं कुठायत?"

"खाल्ली."

"सगळी? होळीसाठी ठेवली होती मी. कुणी खाल्ली?"

मला वाटलं, मामा आता माझ्याकडं बोट दाखवणार. पण ते कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "मी खाल्ली. घरात पुरण आहे आणि होळीपर्यंत नुसतं बघत बसायचं, हा कुठला नियम? आणि तुझं पुरण मुळात कमी गोड होतं."

 मामीनं फ्रीजरचं दार धाडकन लावलं. "माझं पुरण कमी गोड?"

"होतंच. दरवर्षी असतं."

"मग वीस वर्षं बोलला का नाहीत?"

"आता बोलतोय ना."

आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू. पुरणावरून गुळावर, गुळावरून मामांच्या आईच्या हातच्या पुरणपोळीवर, तिथून लग्नातल्या जेवणावर, मग मामीच्या काकांनी पंगतीत काय म्हणलं होतं त्यावर. मामा हातवारे करत होते. मामीचे कान लाल झाले होते आणि डोळे असे चमकत होते की काय म्हणू. मी मधे काही बोलायला गेले तर दोघंही एकदम म्हणाले, "तू गप्प बस." मी बाहेर येऊन जिन्यात बसले.

खालून घरमालकीण आंटी साडीचा पदर सावरत चार पायऱ्या वर आल्या. काळजीनं विचारलं, "बिटिया, सब ठीक तो है? आज ऊपर से भाईसाहब की आवाज़ आ रही है."

म्हणलं, "जी आंटी. मामी आ गई हैं."

आंटींनी वर कान दिला. आतून मामा म्हणत होते की वेलची जास्त होती, वेलची. मामी म्हणाली, जायफळ होतं ते, आणि पाठोपाठ बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, कपाटाचं दार उघडलं, हँगर खडखडले. भांडण चालूच होतं. आंटी माझ्या शेजारी पायरीवर टेकल्या, आणि आम्ही दोघी जायफळाचं काय होतंय ते ऐकत बसलो.